एका बुलेटची पाठचिकित्सा

जुनी मोटरसायकल घरी दुरुस्तीला घेतली की पहिल्या आठवड्यातच एक शब्द इतक्या वेळा कानांवर पडतो की त्याची धार निघून जाते. तो शब्द म्हणजे ‘ओरिजिनल’. मिस्त्री विचारतो, पिस्टन ओरिजिनल टाकायचा की लोकल चालेल? सुट्या भागांचा विक्रेता गळ्याशपथ सांगतो की दिव्याची काच ओरिजिनल आहे. शेजारचे निवृत्त गृहस्थ फाटकावर हात टेकून बजावतात, काय वाटेल ते करा, पण गाडीचा ओरिजिनलपणा घालवू नका. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एकाच महाविद्यालयात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना सतरा वर्षे बसत आलो आहोत आणि पदव्युत्तर वर्गाला पाठचिकित्सा आलटून पालटून शिकवीत आलो आहोत. ‘मूळ’ हा शब्द कोणी सहजपणे उच्चारला की आम्हां दोघांच्याही भुवया आपोआप वर जातात. ही व्यवसायजन्य खोड म्हणावी.

जुने यंत्र ‘मूळ रूपात आणणे’ ही भाषा बव्हंशी फसवी आहे असे आमचे मत झाले आहे. घरच्या सोप्यात बसून जुन्या गाडीचे नटबोल्ट सोडविणारा माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, संपादकाचे काम करीत असतो. अनेक हातांनी चढविलेल्या थरांतून काय ठेवायचे, काय काढायचे, काय नव्याने घालायचे याचा निर्णय त्याला पदोपदी करावा लागतो. संपादकाला जी पथ्ये असतात ती मात्र त्याला कोणी सांगत नाही. आम्हांला ती पथ्ये ठाऊक होती, वर्गात सांगून सांगून तोंडपाठ झाली होती. तरीही ऐन वेळी ती आम्हीच मोडली आणि एक गोष्ट कायमची गमावून बसलो. त्या गमावण्याचा हिशेबही इथे द्यावयाचा आहे.

गाडी १९७४ सालची, बुलेट ३५०. आमच्यापैकी एकाच्या वडिलांची. ते गुरांचे डॉक्टर होते आणि नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा या पावसाळी तालुक्यांत काढली. ‘फटफटी’ हा आपल्या भाषेने ध्वनीवरून घडविलेला शब्द या गाडीला जितका शोभतो तितका दुसऱ्या कोणत्याही गाडीला शोभत नाही. डॉक्टर येत असल्याची वर्दी वाडीवस्तीला त्या आवाजानेच मिळत असे. मागे कॅरिअरवर औषधांची लाकडी पेटी आणि दोरखंड. १९८३ साली एका म्हशीला औषध पाजताना तिने लाथ झाडली, आणि डॉक्टरांचा डावा गुडघा त्यानंतर कधी पुरता वाकला नाही. त्या काळच्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असे. गुडघा वाकेना तेव्हा पाऊल पायटा ओलांडून पुढे जाऊ लागले. यावर त्यांनी एका वेल्डिंगवाल्याकडून पायट्याला चार बोटे लांबीची लोखंडी पट्टी पुढे काढून घेतली. काम ओबडधोबड, सांध्यावर वितळलेल्या लोखंडाचे गाठोडेच दिसते. पण ते शेवटपर्यंत टिकले. २००९ नंतर गाडी सोप्यात पोत्यांखाली उभी राहिली. २०१६ साली डॉक्टर गेले. २०२२च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही पोती काढली.

आता ‘मूळ’ कशाला म्हणायचे हा प्रश्न या एका गाडीपुरता नाही. तो बुलेट या नावापासूनच सुरू होतो. हे नाव १९३२ पासूनचे, इंग्लंडमधील रेडिच येथल्या कारखान्याचे. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. आरंभी इंग्लंडहून आलेले भाग इथे जोडले जात, पुढे ते इथेच घडू लागले. १९६२ साली रेडिचमधली बुलेट बंद पडली. १९७० च्या सुमारास तिथला मूळ व्यवसायच आटोपला. मद्रासची बुलेट मात्र चालू राहिली आणि १९७७ साली ती ब्रिटनला निर्यात होऊ लागली. म्हणजे मातृप्रत नष्ट झाली, दूरच्या प्रांतातली नक्कल टिकली आणि एके दिवशी तीच मूळ गावी परत जाऊन अस्सल म्हणून विकली जाऊ लागली. हस्तलिखितांच्या परंपरेत हे नित्याचेच आहे. ज्या प्रांताने नक्कल जपली त्याचा पाठ पुढे प्रमाण ठरतो. आमची १९७४ची गाडी या वंशवृक्षात कुठे बसते? रेडिचच्या दृष्टीने ती नक्कल, भारतीय शौकिनांच्या दृष्टीने अस्सलांतली अस्सल. तरीही जो तो छातीठोकपणे ‘ओरिजिनल’ म्हणतो तेव्हा तो कोणत्या प्रतीविषयी बोलतो आहे हे विचारावेसे वाटते.

इंजिन उघडल्यावर हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा झाला. बुलेट ३५० च्या सिलिंडरचा कारखान्यातला व्यास ७० मिलिमीटर. वापराने नळकांडे आतून झिजते, लांबट गोल होते, मग लेथवर नेऊन त्याला बोअर मारावा लागतो, म्हणजे आतून किंचित खरवडून पुन्हा वर्तुळाकार करावे लागते आणि त्या वाढीव मापाचा पिस्टन घालावा लागतो. हे पिस्टन ठरावीक पायऱ्यांनी मिळतात: वीस थाव, चाळीस, साठ. थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पिस्टनच्या माथ्यावर तो आकडा कोरलेला असतो. आमच्या पिस्टनच्या माथ्यावरची काजळी रॉकेलच्या चिंधीने पुसली तेव्हा खाली ४० दिसले. याचा अर्थ हे सिलिंडर याआधी वाढविले गेले होते, आणि बहुधा दोनदा. एका बोअरची पावती औषधांच्या पेटीत सापडली. दुसऱ्याची स्मृती कुणापाशीच नव्हती. तो एक आकडा नसता तर आम्हांला कळलेही नसते.

यापुढचा निर्णय आम्हांला फार उद्बोधक वाटला, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. दोन मार्ग होते. एक, साठचा बोअर मारायचा. तो शेवटचा, त्यानंतर त्या ओतीव लोखंडाला आणखी खरवडणे शहाणपणाचे नाही. दुसरा, सिलिंडरमध्ये नवे लायनर ठोकायचे आणि त्याचा व्यास पुन्हा ७० मिलिमीटर करून घ्यायचा. दुसऱ्या मार्गाने माप ‘ओरिजिनल’ होते, पण पिस्टन ज्या पृष्ठभागावर घासतो ते सगळे लोखंड परके असते. पहिल्या मार्गाने लोखंड मद्रासचेच राहते, पण माप कारखान्याने कधी न ठरविलेले. शब्द जुना आणि अर्थ नवा, की अर्थ जुना आणि शब्द नवा? आमच्यापैकी एक लायनरच्या बाजूचा होता, दुसरा बोअरच्या. तीन दिवस टेबलाच्या दोन बाजूंनी हा वाद चालला आणि त्यात एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे प्रकरण तपासायचे राहून गेले. शेवटी साठचा बोअर मारला. कारण साधे होते. लायनर पुढेही कधी ठोकता येईल; मात्र आज ठोकले तर जुनी भिंत आतून बरीच खरवडली जाईल, आणि ती पुन्हा मिळणार नाही. जो निर्णय पुढच्याला वाट शिल्लक ठेवतो तो आधी घ्यावा, एवढेच सूत्र त्यामागे होते.

बोअरचे काम कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवर झाले. ज्या मिस्त्रींनी आम्हांला बाकीचे शिकविले त्यांचे वय सत्तरीच्या घरात. त्यांच्या ज्ञानाला आमच्या क्षेत्रातला शब्द लावायचा तर मौखिक परंपरा असेच म्हणावे लागेल. टॅपेट कसे लावायचे? इंजिन गार असताना, पिस्टन कॉम्प्रेशनवर अगदी वर आणून, पुशरॉड चिमटीत धरून फिरवायचा. “फिरलं पाहिजे, पण वरखाली हललं नाही पाहिजे,” इतकेच ते म्हणाले. पुस्तकात हेच दोन परिच्छेदांत सांगितलेले आहे आणि ते वाचून आम्हांला काही कळले नव्हते. पॉइंटमधले अंतर पाहायला ते फीलर गेज न घेता खिशातले व्हिजिटिंग कार्ड सरकवत. कुतूहल म्हणून आम्ही नंतर गेज लावून पाहिले. फरक नगण्य होता. यावरून परंपरागत ज्ञान नेहमीच अचूक असते असा निष्कर्ष कुणी काढू नये. याच मिस्त्रींनी प्रायमरी चेनच्या झाकणाखालची गळती थांबविण्यासाठी गॅस्केटवर सुचविलेले तीन उपाय एकामागून एक फसले आणि सोप्यातल्या शहाबादी फरशीवरचा तेलाचा डाग अजून गेलेला नाही.

इथे एखादा वाचक पिरसिगच्या १९७४ सालच्या प्रसिद्ध पुस्तकाची आठवण काढील. ते आम्ही वाचले आहे, आवडलेही आहे. पण त्यात यंत्र हे बहुतांशी तत्त्वचर्चेचे निमित्त आहे. आमच्यासमोरचे यंत्र निमित्त व्हायला तयार नव्हते.

आता त्या गमावलेल्या गोष्टीविषयी. पेट्रोलच्या टाकीवर रंगाचे अनेक थर होते. झाकणाभोवती जिथे रंग उडाला होता तिथे वरचा काळा, त्याखाली तपकिरी आणि त्याहीखाली पुन्हा काळा असा क्रम उघड दिसत होता. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने, ब्रशने ओढलेल्या असत. त्या सर्वांत खालच्या थरावर असणार असा आमचा कयास होता. आणि सर्वांत वर, डाव्या अंगाला, डॉक्टरांनी एका पेंटरकडून पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी लिहून घेतल्या होत्या. पहिली ओळ ‘पशुवैद्यकीय’ या शब्दाने सुरू होत होती. दुसरी अर्धी पुसट. टाकी आतून गंजली होती, म्हणून ती आम्ही एका रंगकामाच्या दुकानात दिली आणि सांगितले की आतला गंज काढा, बाहेरून जुना रंग पूर्ण उतरवा, मग पाहू. आठ दिवसांनी टाकी आली ती स्वच्छ, करडी, नागव्या पत्र्याची. वाळूच्या फवाऱ्याने तिन्ही थर, रेघा आणि अक्षरे एका दुपारीत गेली होती. दुकानदाराने आम्ही सांगितले तेच केले होते. पाठवण्यापूर्वी एक छायाचित्र घ्यावे एवढेही आम्हांला सुचले नाही. दोघांच्याही खिशात कॅमेरा असलेला फोन होता. पोथीचे एक पान हरवले तर तासभर हळहळणारे आम्ही दोघे, आणि आमच्याच सांगण्यावरून एक अख्खा पाठ धुऊन निघाला.

यानंतर सहानुभूतीने सल्ले देणारे बरेच भेटले. बहुतेकांचा सूर एकच: त्यात काय, पुन्हा लिहून घ्या. पण काय लिहायचे? घरात १९९१ सालच्या एका लग्नाचे छायाचित्र आहे, त्यात गाडी दिसते, पण अक्षरांवर नेमका एका मुलाचा गुडघा आलेला आहे. दुसऱ्या ओळीत गावाचे नाव होते की डॉक्टरांचे, यावर घरात दोन मते आहेत. वास्तूंच्या जतनाविषयीची १९६४ सालची व्हेनिसची सनद सांगते की जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नव्याने घातलेला भाग जुन्याहून वेगळा ओळखू आला पाहिजे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली १९ खंडांत पुरे झाले. सुकथनकरांनी तिच्यात जी पद्धत घालून दिली ती याहून सूक्ष्म आहे. स्वीकारलेला पाठ वर, नाकारलेले पाठ तळटीपेत, आणि जो पाठ घेतला खरा पण ज्याची पुरती खात्री नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ. हा व्यासांचा मूळ शब्द, असा दावा त्या आवृत्तीत कुठेही नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जिथवर मागे जाता आले तिथवरचे रूप, इतकेच म्हणणे आहे. विद्वत्तेतली ही नम्रता आम्ही वर्गात दरवर्षी वाखाणतो. टाकीला नागमोडी रेघ कशी ओढावी हे मात्र कळेना. अखेर टाकी साधी काळी रंगविली. सोनेरी रेघा नाहीत, अक्षरे नाहीत. बाजूच्या टूलबॉक्सवर जुना रंग आणि कारखान्यातली एक फिकट सोनेरी रेघ शाबूत आहे. त्याला हात लावला नाही. त्यामुळे गाडी अर्धी नवी, अर्धी जुनी दिसते आणि पैसे कमी पडले का, असे लोक विचारतात.

आधुनिकीकरणाचा प्रश्न याहून वेगळा, आणि आमच्या मते पुष्कळ सोपा. या गाडीतली वीज सहा व्होल्टची होती. इंजिनाचा वेग मंदावला की दिवा मिणमिणू लागे. गगनबावड्याच्या धुक्यात तो दिवा असून नसल्यासारखा. आजच्या वाहतुकीत अशा दिव्याने रात्री गाडी चालविणे हे मूळ पाठावरचे प्रेम नसून अविवेक आहे. आम्ही बारा व्होल्टची यंत्रणा बसविली: विजेची कॉइल, रेक्टिफायर, बॅटरी, इग्निशन कॉइल, हॉर्न आणि सगळे बल्ब. जुनी वायर एकही तोडली नाही. नवे वायरिंग स्वतंत्र केले आणि जुने सगळे सामान चिठ्ठ्या लावून पत्र्याच्या डब्यात ठेवले. हॅंडलच्या वरचा ॲम्पिअर मीटर तोच आहे, त्याचा काटा पूर्वीसारखाच थरथरतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन मात्र घेतले नाही. ते अधिक भरवशाचे आहे हे मान्य. पण पॉइंट बिघडले तर रस्त्याच्या कडेला बसून पॉलिश पेपरने साफ करता येतात, कारण त्यांचे काम डोळ्यांना दिसते. बंद डबी बिघडली तर ती फेकणे एवढेच हाती उरते. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक लावावा असा उद्यमनगरातल्या तरुण मंडळींचा आग्रह होता. त्यासाठी फोर्क आणि हब दोन्ही बदलावे लागतात, म्हणजे गाडीचे तोंडच दुसऱ्या गाडीचे होते. ड्रम लेथवर सारखा करून नवे ब्रेक शू आणि केबल घातली. तेवढ्याने आमच्या वेगाला पुरेसा ब्रेक लागतो, असे निदान सपाट रस्त्यावर तरी दिसून आले आहे.

बदल केला हे लपवायचे नाही आणि तो मागे घेता येईल असा करायचा, या दोन अटी पाळल्या तर आधुनिकीकरणाने पाठ भ्रष्ट होत नाही असे आमचे मत आहे. पाठ भ्रष्ट होतो तो उलट बाजूने. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी, बुधवारी चक्कर मारली किंवा एखाद्या प्रदर्शनात उभ्या केलेल्या गाड्या पाहिल्या तर हे ध्यानात येते. ताज्या क्रोमचे मडगार्ड, ताज्या सोनेरी रेघा, कॅटलॉगमधल्या चित्राबरहुकूम सीट. त्या गाडीवर कोणी कधी बसले होते, कुणाच्या घरी नवजात वासरू वाचवायला ती रात्री निघाली होती, याची एक खूण मागे ठेवलेली नसते. सत्तर सालची गाडी अशी दिसते की ती सत्तर साली कारखान्यातून निघून थेट आजच्या मंडपात आली. मधल्या पन्नास वर्षांचे मालक हे जणू प्रक्षेप करणारे लेखनिक, त्यांना वगळले की ग्रंथ शुद्ध झाला! आम्हांला ही शुद्धी मान्य नाही.

कायद्याचेही याला पाठबळ आहे हे नमूद केले पाहिजे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेले, मूळ रूपात राखलेले आणि सांगाडा, बाहेरची काया किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल न झालेले वाहन त्यासाठी पात्र ठरते. नव्या नोंदणीच्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. २०२४ मध्ये आमच्या गाडीची पन्नाशी भरली, तेव्हा हितचिंतकांनी अर्ज करण्याचा सल्ला दिला. पण अशा वाहनाला रोज रस्त्यावर येण्याची मुभा नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, देखभाल आणि इंधन भरणे एवढ्यापुरतेच ते बाहेर काढायचे. पोथी रुमालात बांधून देव्हाऱ्यात ठेवावी आणि चातुर्मासात तेवढी सोडावी, तशातला हा प्रकार. सामान्य नोंदणीतही मनमानी चालत नाहीच. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि भररस्त्यावर कानठळ्या बसविणारे सायलेन्सर ज्यांनी ऐकले आहेत त्यांना त्या निर्णयाचे महत्त्व सांगायला नको. आमची तक्रार कायद्याशी नाही. सार्वजनिक रस्त्याला नियम हवाच. तक्रार आहे ती ‘मूळ रूप’ हे शब्द जणू स्वयंस्पष्ट आहेत अशा थाटात वापरले जातात याविषयी. साठ थावचा बोअर हे मूळ रूप की नवे लायनर? आम्ही अर्ज केला नाही. गाडी नेहमीच्याच नोंदणीवर, नेहमीच्याच रस्त्यावर आहे.

वर्गात हा सगळा प्रकार सांगितला तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, मग एकनाथांनी केले ते चूक का? प्रश्न रास्त होता. ज्ञानेश्वरी १२९० सालची. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिच्यात शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढच्यांनी तिच्यात भर घालू नये असे बजावले. त्या शुद्ध प्रतीने ग्रंथ सावरला हे निर्विवाद. पण काढले ते पाठ कोणते, कुठल्या प्रतीतले, याची नोंद आपल्याला मिळत नाही. म्हणूनच राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक पोथी छापली तेव्हा वाद उभा राहिला आणि तो पुढेही धुमसत राहिला. सोळाव्या शतकातल्या संताकडून तळटीपांची अपेक्षा करणे हा कालविपर्यास होईल हे आम्ही जाणतो. शिवाय त्यांच्यापुढे वाचणारा, ऐकणारा समाज होता. त्याला चालता ग्रंथ हवा होता, पाठभेदांचे संग्रहालय नको होते. आमच्यापैकी एकाचे मत असे की चालत्या गाडीलाही हेच लागू पडते, नोंदींचा एवढा सोस कशाला? दुसऱ्याचे मत असे की टाकीचे जे झाले त्यानंतर हा प्रश्न विचारायचा आपल्याला अधिकार राहिलेला नाही. तूर्त एक शंभर पानी वही टूलबॉक्समध्ये आहे. काय काढले, कधी, का, आणि ते कुठे ठेवले आहे, एवढे तिच्यात लिहितो. जिथे खात्री नाही तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ ओढतो. टाकीच्या पानावर बऱ्याच रेघा आहेत.

राहिला पायटा. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी तो उचलून बाजूला टाकला होता. “सर, नवीन बसवूया की. ह्ये काय, कुणी तरी ठिगळ लावलंय.” जुन्या बाजारातून आम्ही बुलेटचा एक धड, बिनपट्टीचा पायटा आणलाही. तो बसवून पाहत असताना आई दारात येऊन उभी राहिली. तिने थोडा वेळ बघितले आणि म्हणाली, “ती पट्टी कुठं ठेवलीस? ह्यांचा गुडघा हाय तो.” मग आत निघून गेली. त्या संध्याकाळी जुना पायटा पुन्हा चढला.

इथे आमचे एकमत झालेले नाही, आणि तसे दाखविण्याचे कारणही नाही. ज्याचे दोन्ही गुडघे शाबूत आहेत त्याला या पायट्यावर ब्रेक दाबायचा तर पाऊल फूटरेस्टवरून उचलून पुढे सरकवावे लागते. त्यात क्षणभर जातो. दिव्याच्या बाबतीत सुरक्षिततेचा मुद्दा आम्हीच मांडला; मग ब्रेकच्या बाबतीत तो कुठे गेला, असा आमच्यापैकी एकाचा सवाल आहे आणि दुसऱ्यापाशी त्याला समाधानकारक उत्तर नाही. दुसरा एवढेच म्हणतो की टाकीवरची अक्षरे गेली, पेटीला वाळवी लागली, आता ही एक पट्टी. बिनपट्टीचा पायटा सोप्यातल्या खुंटीला टांगलेला आहे. बदलायला दोन पाने आणि दहा मिनिटे लागतात. दिवाळीच्या सुट्टीत करूळ घाट उतरून कोकणात जायचे ठरते आहे. कोणता पायटा लावून जायचे ते अजून ठरलेले नाही.